प्रतापभानू राजाचा दगड

मंडळी, ऐका. चांगला न्यायाधीश कोणता? सांगा की. पुढच्या काकू हसल्या, म्हणजे त्यांना कळलं. जो आपल्या बाजूनं निकाल देतो तो! माझंच बघा ना. माझा सूर उतरला, की हे आमचे पेटीवाले विसूभाऊ भुवई चढवतात. मग मी काय करतो? त्यांच्याकडे पाठ करतो. त्यांचा अधिकारच मला मान्य नाही.

तर असाच एक राजा होता, प्रतापभानू. माझ्यापेक्षा जरा बरा गात असेल. नदीकाठच्या पाच राजांनी मिळून मधल्या बेटावर एक पार बांधला. प्रत्येकानं आपल्या मुलखातला एकेक दगड दिला. पारावर पंच बसणार, आणि राजा असो की कोळी, पंच सांगतील ते ऐकायचं. सगळ्यांत मोठा दगड कुणाचा? प्रतापभानूचा. वर नावही कोरलेलं. शेजारच्या राजाविरुद्ध निकाल लागला की हा पेढे वाटायचा.

एक दिवस पारापुढे आली सुगंधा, शेजारच्या मुलखातली कोळीण. म्हणाली, "माझा नवरा भर नदीत जाळं टाकत होता. प्रतापभानूच्या शिपायांनी धरून नेलं. जिवंत आहे का, तेवढं तरी सांगा." पंचांनी चौकशी केली आणि हुकूम दिला — सोडा त्याला.

राजा म्हणाला, "कसले पंच? आम्ही ओळखत नाही."

प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, पारावर आपलं नाव आहे."

"मग आमचा दगड परत आणा!"

आणला हो. नेमका कोपऱ्यातला. पार ढासळला, पंच घरी गेले. दगड राजवाड्याची पायरी झाला.

पुढे काय झालं? युवराज शिकारीच्या नादात नदीपलीकडे गेला, आणि शेजारच्या राजानं त्याला कोठडीत घातलं. प्रतापभानू धावत बेटावर आला. बघतो तर पडके दगड, आणि त्यांच्यापुढे एकटी सुगंधा बसलेली.

"इथं काय करतेस, बाई?"

"न्याय मागायला येते रोज. आणि तुम्ही?"

राजा म्हणाला, "मीही."

"मग बसा," ती म्हणाली, आणि थोडी सरकली.

तिच्या शेजारी राजा ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी पायरी उखडून दगड स्वतः खांद्यावर घेऊन आला. आधी कोळी सुटला, मग पंच बसले, आणि त्यांच्या शब्दावर युवराज घरी आला.

आता हसू नका राजाला. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा निकाल विरुद्ध गेल्यावर "ही कमिटीच मानत नाही" असं कोण म्हणालं? नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलेत. आणि मी तरी कुठला शहाणा? विसूभाऊ, मघापासून तुमची भुवई वर आहे, दिसतंय मला. हे मी तुमच्याकडे तोंड केलं. द्या सूर, पहिल्यापासून म्हणतो.