सवलत सहाला संपते

…आणि वर म्हणे सवलत. मागितली होती कुणी? मी मागितली होती? तुम्हाला सांगतो, सकाळचे सात, चहा अजून पोटात उतरला नव्हता, ओसरीवर बसून मी बेंजोच्या तारा पुसतोय, तर आमचे सुनीलराव, म्हणजे आमचा मुलगा, हातात ती पाटी घेऊन समोर उभे. पाटी म्हणजे टॅब. मी पाटीच म्हणतो. शाळेत दोनच वर्षं होतो, पण पाटी ओळखतो, तीन फोडल्यात.

"आबा, एक ॲप हाय. सिंथेसायझर."

"म्हंजी?"

"म्हंजी सनई, बासरी, व्हायोलिन, शंभर आवाज ह्याच्या आत. कॅसिओला वायर जोडायची की झालं. तीन हजाराचं बाराशेला देत्यात. आजचा दिवस फुकट वापरून बघा म्हणत्यात. पण सवलत सहाला संपते."

आता बाराशे म्हणजे काही डोंगर नाही. माझ्या तारा तेवढ्याच्या तुटतात एका सीझनला. मग मला कशाला विचारायचं? तर विचारावंच लागतं. आमच्या बेंजो पार्टीची रीत आहे. मिरवणुकीच्या गाडीवर नवं वाद्य चढायचं असेल तर आधी पार्टीतल्या सगळ्यात जुन्या माणसानं ते वाजवायचं, चांगलं आहे म्हणायचं, मग नारळ, मग गाडी. कच्छी ढोल असाच चढला. सुनीलचा कॅसिओ असाच चढला, त्याला तर मी आठ दिवस खाली ठेवला होता, उगाच, माज उतरावा म्हणून. आणि सगळ्यात जुना माणूस कोण? मी. बेचाळीस वर्षं बेंजो वाजवतोय. डाव्या हातानं बटणं, उजव्या हातानं तारेवर टोला, आणि टोला मारायचा तुकडा घरच्या कंगव्यातून कापलेला, बाजारातला आपल्याला चालत नाही. राहुरीच्या ह्या बाजूला गाडी वळणाआड असते तेव्हाच लोक म्हणतात, सहादेवची पार्टी आली.

तर मी सुनीलला एकच विचारलं. "आन बेंजो?"

तो पाटीकडं बघत म्हणाला, "बेंजो पण ह्याच्यातच हाय, आबा."

बघा. बापाला सांगायची ही पद्धत. बेंजो पण ह्याच्यातच आहे. मग मी कुठं आहे? गाडीवर पुढच्या अंगाला माझी खुर्ची आहे, बेचाळीस वर्षं तिथं दुसरं कुणी टेकलेलं नाही, एकदा एक नवरदेव पाय दुखतात म्हणून बसायला आला, त्याला उठवला मी. त्या खुर्चीवर काय ठेवायचं आता, ही पाटी?

"वाजव," म्हटलं.

त्यानं वाजवलं. तुम्हाला सांगतो, पत्र्यावर वाटाणे ओतले तरी त्यात जास्त जीव असतो. म्हटलं, "हा बेंजो न्हाई." तो म्हणाला, "मोठ्या स्पीकरवर बरा वाटंल." म्हटलं, "न्हाई म्हटलं ना." तेवढ्यात आमच्या घरातल्या, छबूबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर. म्हटलं, "मी अजून हो म्हटलेलं न्हाई, तू ताट कशाला आणलंस?" तर म्हणते कशी, "म्हनलं, सहाला संपतंय म्हनं, तयारी असावी." आणि तिनं कुंकवाचं बोट त्या पाटीला लावलं. लावलं तर ते रडलं. व्हायोलिन होतं तिथं. बाई घाबरून ताटासकट आत गेली. तुम्ही सांगा, ज्याला कुंकू लावायला जागा नाही त्याला वाद्य म्हणायचं?

दहा वाजता फोन. सावेडीचे कुणी साहेब, त्यांच्या धवलचं लग्न, परण्या आमच्याकडं. परण्या म्हणजे नवरदेव मारुतीला जातो ती मिरवणूक. गोड बोलत होते. "आजोबा, बेंजो ठीक आहे हो, पण जरा मॉडर्न पाहिजे. व्हायोलिन, सॅक्सोफोन वगैरे. आमचा धवल म्हणतो, व्हिडीओत चांगलं दिसलं पाहिजे." म्हटलं, "वाजवायचंय का दिसायचंय?" ते म्हणाले, "दोन्ही, आजोबा, दोन्ही." वर म्हणाले, जमत नसेल तर तसं सांगा, दुसरी पार्टी बघू. मी आजोबा कुणाचा? माझ्या पोराच्या वयाचा माणूस.

बाराला छगनचा फोन. छगन आमचा ढोलकीवाला, बरोबरीचा, त्याला तरी लाज असावी की नाही. "सहादेवा, घेऊन टाक रं. सवलत सहाला संपते म्हनं." म्हटलं, "तुला कुनी सांगितलं?" "सुनीलनं." म्हटलं, "त्यात ढोलकी बी हाय." "हाय व्हय?" म्हटलं, "शंभर आवाजात तुझी ढोलकी नसंल व्हय? तुला काय आरक्षन हाय?" त्यानं फोन ठेवला. तेवढंच बरं वाटलं मला दिवसभरात.

आणि मग आली रेश्मा. ही आमची सून. पार्टीच्या तारखा तीच घेते. कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसांपासून जपून राहावं, हे मला त्या दिवशी कळलं, सत्तराव्या वर्षी. जेवणं झाल्यावर पदरानं हात पुसत समोर येऊन बसली.

"आबा, त्यातला बेंजो तुम्हाला पटला न्हाई ना?"

"न्हाई."

"मग खरा कसा असतो?"

आता बेचाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाला असं विचारल्यावर तो काय करील? तुम्ही काय केलं असतं? मी बेंजो मांडीवर घेतला. ती म्हणाली, सगळं एकदम नको, एकेक सूर दाखवा, म्हणजे मला फरक कळेल. म्हटलं, पोरीला अक्कल आहे. सा वाजवला. ती म्हणाली, परत. वाजवला. म्हणाली, थांबा, म्हैस वरडली, परत. मग तिनं दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला, एप्रिलच्या दुपारी, अंगाची आंघोळ झाली माझ्या. छबूबाईला भांडी घासायची बंदी. एकेक बटण हळू, मग जोरात, मग मधलं. पाटी बेंजोच्या शेजारी पालथी ठेवलेली, मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, उलट तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम टोला जोरात देत होतो, बघ म्हटलं, हा बेंजो, हा असा असतो, तू कसला वाजवतीस. पंचमावर आलो की माझ्या तोंडातून एक "हं" निघतो, सवय आहे, त्या सुराशी माझं जुनं भांडण आहे. रेश्मा म्हणाली, "आबा, तो हं." म्हटलं, "तो असाच यायचा. वाजवायचं का थांबवू?" म्हणाली, "न्हाई, न्हाई. राहू द्या."

साडेचारला संपलं. मी पाणी प्यायला उठलो. रांजणापाशी उभा राहून तांब्या तोंडाला लावला आणि मागं बेंजो सुरू झाला.

माझा बेंजो. वाटाणे नाहीत, काही नाही. माझा टोला, माझ्या कंगव्याच्या तुकड्याचा तो खर्र, बटणाचा खटका, आणि पंचमावर हं. पाटी सुलटी झालेली, वायर लावलेली, आणि सुनील कॅसिओवर बसलेला. त्या पाटीत म्हणे तशी सोय असते, आपला आवाज भरायचा आणि बटणाबटणाला बसवायचा. रेश्माला ते सकाळीच कळलं होतं. मला कुणी सांगितलं? कुणी नाही. मी आपला एकेक सूर स्वतःच्या हातानं काढून देतोय, परत म्हटलं की परत.

तेवढ्यात दार ढकलून छगन आत. चपला काढता काढता, खाली बघून, बोलतच आला. "सहादेवा, आज लई दिसांनी बोटं सुटली रं तुझी. मागल्या लग्नात मला वाटलं हुतं, आता ह्याचं काय खरं न्हाई…" आणि मान वर केली तर मी रांजणापाशी, हातात तांब्या.

सुनीलनं कॅसिओवरचे हात उचलले. म्हैससुद्धा ओरडली नाही.

डाव्या हाताच्या करंगळीचं मला माहीत आहे. दोन वर्षं ती वाकत नाही. वरचा सूर चुकवून मी पुढं जातो, गडबडीत कुणाला कळत नाही असं मला वाटत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, मला कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. आणि पाटीला करंगळी नसते.

मग मी ओरडलो. म्हटलं, "काढ. आत्ताच्या आत्ता काढून टाक. माझा आवाज हाय, मला न विचारता भरलाच कसा?"

सुनील घाबरला तर नाहीच. हळू म्हणाला, "काढायची गरज न्हाई, आबा. फुकटची मुदत बी सहालाच संपते. विकत न्हाई घेतलं तर सगळं आपोआप जाईल."

"सगळं म्हंजी?"

"म्हंजी हे तुमचं बी."

पावणेसहा. आता बघा माझं काय केलं ह्यांनी. नाही म्हणावं तर खुर्ची माझी, गाडी माझी, नारळ माझा, पण किती दिवस, करंगळी काय खुर्चीकडं बघून वाकणार आहे का, आणि एकदा मी खाली उतरलो की हा आवाज गेला, बेचाळीस वर्षांत कुणी शिकला नाही माझ्याकडून, सुनीलला शिकवायला बसलो होतो तर तो तिसऱ्या दिवशी कॅसिओ घेऊन आला. आणि हो म्हणावं तर आवाज राहतो आणि मी उतरतो, आजच उतरतो, आणि हे ठरवायला मला किती वेळ, तर पंधरा मिनिटं, कारण कुठल्या तरी देशात बसलेल्या कुण्या माणसानं ठरवलं की सवलत सहाला संपते. कुणाला सवलत? मला कुणी दिली?

म्हटलं, "घे."

"काय, आबा?"

"घे म्हटलं. बहिरा हायेस व्हय?"

आणि रेंज गेली. पाटीवर ते चक्र फिरतंय, फिरतंय, सुनील अंगणात, रेश्मा तिचा मोबाईल घेऊन गोठ्यापाशी, छगन म्हणतो सिमेंटच्या टाकीवर येते. तुम्हाला खोटं वाटेल. पाच पंचावन्नला मी, सत्तर वर्षांचा माणूस, धोतर खोचून टाकीवर उभा, दोन्ही हातांनी पाटी आभाळाकडं धरलेली, आणि खालच्यांना शिव्या देतोय की लवकर करा, सवलत सहाला संपते. दोन मिनिटं राहिली होती तेव्हा झालं. नारळ मीच फोडला. छबूबाईनं ह्या वेळी कुंकू मागच्या बाजूला लावलं, तिथं ते गप्प बसतं. हं काढून टाकायचा का, असं सुनीलनं विचारलं. रेश्मा म्हणाली, "न्हाई. त्यावरूनच तर कळतं, आबा हायेत म्हणून."

परवा सावेडीचा परण्या झाला. चार वाजताचं ऊन. नवरदेव घोड्यावर, पन्नास पोरं नाचतायत, आणि पाटीवर ऊन पडलं की काही दिसत नाही, वर ती तापली की बंद पडते. छत्री पाहिजे. धरणार कोण? सुनीलचे हात कॅसिओवर, छगनचे ढोलकीवर. रिकामे हात एकट्या माझे. माझ्या खुर्चीवर पाटीचा स्टँड, आणि शेजारी मी, रेश्माची फुलाफुलांची छत्री धरून.

व्हिडीओवाला आला. म्हणाला, "बाबा, बेंजो भारी वाजतोय. वाजवणारे कुठायत? त्यांचा शॉट घ्यायचाय."

म्हटलं, "मीच."

तो माझ्याकडं बघतोय, छत्रीकडं बघतोय. "तुमी तर छत्री धरलीय."

म्हटलं, "व्हय. ती बी मीच धरलीय."

तेवढ्यात पंचम आला आणि स्पीकरमधून हं आला. तो दचकला. मला म्हणाला, "बाबा, रागवू नका, जरा बाजूला सरकता का? नवरदेव झाकतोय."

सरकलो. छत्री तेवढी हलू दिली नाही.