चालू राहिलेला माईक

राजेंद्र: नाही, मी बसायला आलेलो नाही. मोबाईलवर त्या विनोदी बातम्या देणाऱ्या या 'कळना' कंपनीची मालकीण कोण, तेवढं सांगा.

यामिनी: मीच, काका. यामिनी. मालकीण मी, बातम्या वाचणारी मी, झाडू मारणारीही मीच. बसा तरी, उन्हातून आलात.

नानीबाई: बसा हो! उभा ऱ्हाईसन भांडतस का कोनी? पोर, मी नानीबाई, यास्नी बायको. तुन्ही बातमी दर शनवारले ऐकस मी. आम्हनी गल्लीन्या बाया भांडा घासता घासता ऐकतस.

राजेंद्र: तू गप. हे बघा मॅडम, मी एकतीस वर्षं बस स्टँडवर घोषणा केल्या. कंट्रोल केबिनमध्ये बसून. शुद्ध मराठी, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि तुम्ही दर शनिवारी माझी टिंगल करता.

यामिनी: तुमची? काका, आम्ही तर मोठमोठ्या लोकांची करतो.

राजेंद्र: परवा नातीच्या मोबाईलवर ऐकलं मी. "सारंगखेड्याच्या यात्रेत येणाऱ्या सर्व घोड्यांना हेल्मेट सक्तीचे करण्यात आले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." माझी चाल, माझं थांबणं, सगळं माझं! मग माईक बंद करायला विसरल्यासारखं करता आणि अहिराणीत बोलता...

नानीबाई: "खड्डा बुजाडानं सोडी घोडाले टोपी घाली ऱ्हायनात, भो!" माय व, मन्हं पोट दुखनं हासी हासी.

राजेंद्र: हसू नको! ती चूक माझी आहे. आयुष्यात एकदा झालेली. तिचा यांनी धंदा मांडला. मॅडम, हा कार्यक्रम बंद करा, नाहीतर मी वकील बघतो.

यामिनी: थांबा, थांबा. काका, तुम्ही... साडेदहाच्या गाडीवाले?

राजेंद्र: बघा! ओळखलं की नाही!

नानीबाई: हाई तेच शेतस. सकायपाईन सांगी ऱ्हायनात, "साडेदहाची गाडी लवकरच येत आहे, लवकरच येत आहे." मंग शिपाईले बोलनात, "गाडी कसानी येस रे, ती तठे डेपोमाच बंद पडेल शे. लोकेस्ले खोटं बोली बोली मन्ही जीभ वाकडी व्हई गई." आनि माईक चालूच!

राजेंद्र: सगळा स्टँड खो खो हसला. दुसऱ्या दिवशी हातात मेमो. त्यानंतर मी बाहेरच्या टपरीवर चहासुद्धा घेतला नाही, डबा केबिनमध्येच खायचो. एकतीस वर्षं इमानदारीत काढली आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर ते. लाज वाटते हो मला, अजून वाटते.

यामिनी: काका, मी होते तिथे. आठवीत होते. वडिलांबरोबर धानोऱ्याला मामाकडे जायचं होतं. मी कंटाळून रडकुंडीला आले होते आणि वडील म्हणत होते, एवढ्या शुद्ध मराठीत सांगताहेत म्हणजे येईलच गाडी. आणि मग तुमचा तो आवाज आला. सरकारी भोंग्यातून आपली घरची बोली! आणि तीही खरं बोलणारी! मी तसं कधी ऐकलंच नव्हतं. आधी कागदावरचं वाचायचं, मग माईक चालू राहू द्यायचा, एवढाच तर आमचा कार्यक्रम आहे. पुण्याची माणसं विचारतात, ही कल्पना कुणाची? मी सांगते, आमच्या स्टँडवरच्या एका माणसाची. नाव माहीत नव्हतं हो. टिंगल कसली काका, मी तुम्हाला गुरू मानते.

राजेंद्र: गोड बोलू नका. लोक हसले ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

यामिनी: हसले ना. पण तुमच्यावर नाही हसले. आणि पुढे काय झालं ते बघितलंत?

राजेंद्र: कसं बघणार? केबिनची खिडकी मागच्या बाजूला होती, टायर ठेवायचे तिकडे. बाकडी मला दिसतच नव्हती. नुसता आवाज यायचा.

यामिनी: मग माझ्याकडून ऐका. हसले आणि उठले. आधी एक म्हातारी उठली. म्हणाली, "चाला व बायासहोन, भाऊनी खरं सांगी टाकं." सगळ्यांनी पिशव्या उचलल्या आणि रस्त्यावर आले. कुणी जीप पकडली, कुणी ट्रॅक्टर. आम्ही मिरचीच्या टेम्पोत बसलो, शिंकत शिंकत धानोऱ्याला पोचलो आणि दुपारी मामाच्या पंगतीला बसलो. तुम्ही बोलला नसता तर संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो असतो.

राजेंद्र: सगळे गेले?

यामिनी: सगळे. पाच मिनिटांत स्टँड रिकामा.

राजेंद्र: पण... साहेब तर धावत आले होते केबिनमध्ये. आत्ताच्या आत्ता माफी माग म्हणाले. मी मागितली, तीन वेळा. "समस्त प्रवाशांची बिनशर्त माफी मागण्यात येत आहे." तिसऱ्यांदा तर रडूच आलं.

यामिनी: आम्ही नाही ऐकली, काका. तोवर तिथे कुणीच नव्हतं.

राजेंद्र: कुणीच नाही?

यामिनी: एक कुत्रं होतं बाकड्याखाली. तेही झोपलेलं.

(राजेंद्र खुर्ची ओढून बसतो.)

राजेंद्र: मंग मी माफी मांगी, ती कोनले मांगी, पोर?

नानीबाई: हसा आते. बारा वरीस व्हई गयात, हसा.