गुप्त मतदान, मोठ्या आवाजात

सातपाटीला मासळी विकणाऱ्या बायांच्या सोसायटीची निवडणूक होती. मी बोईसरचा, कुणाचाच नातेवाईक नाही, म्हणून मला निवडणूक अधिकारी केलं. अध्यक्षबाई पुन्हा उभ्या होत्या, त्यांच्याविरुद्ध हिराबाई. बर्फ कुणाला किती, हे त्याच ठरवायच्या. त्या दाराशीच खुर्ची टाकून बसल्या. उठा म्हटलं तर म्हणाल्या, "माजे गुडघे दुकतात."

चिठ्ठी टाकून निघालेली प्रत्येक बाई त्यांना ओरडून सांगायची, "ताई, तुमालाच दिलं."

"मावशी, मतदान गुप्त असतं," मी एका म्हातारीवर खेकसलो.

"गुप्तच हाय. तू पेटी उघड."

मतदान संपल्यावर उघडली. अध्यक्षबाईंना एकच मत. बाकी सगळी हिराबाईंना.

हिराबाईंकडे सगळ्यांत आधी धावल्या त्या जुन्या अध्यक्षबाईच.

"ताई, तुमालाच दिलं."