बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

(शिंप्याचं दुकान. बंद करायची वेळ. त्याची बायको आवरायला आली आहे.)

बायको: डब्यात वर बटणं आणि खाली लिंबाच्या गोळ्या. साखरेच्या.

शिंपी: त्या खात नाही मी. चघळतो.

बायको: म्हणजे साखर पोटात जात नाही, दारातूनच परत फिरते.

शिंपी: अगं, तोंडाला कोरड पडते. थुंकी लावल्याशिवाय दोरा सुईत जात नाही. गोळी ठेवली की पाणी सुटतं.

बायको: शेजारी वाटीत पाणी ठेवायचं.

शिंपी: सुचलं नाही.

बायको: चाळीस वर्षं सुई धरताय. आणि बेसिनमध्ये रोज रक्त दिसतं ते?

शिंपी: म्हणून तर ब्रश सोडला. नुसत्या चुळा भरतो. दुखऱ्या जागी कशाला घासायचं?

बायको: उलटं आहे ते. माझी दाढ काढली तेव्हा दंतवैद्य म्हणाले होते, हिरडीतून रक्त येतं म्हणजे तिथे घाण साचलीय. मऊ ब्रशने, हळू, पण घासायचंच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर उतरत नाही.

शिंपी: खालचा एक दात हलतो.

बायको: कधीपासून?

शिंपी: जिभेने ढकलला तरच हलतो.

बायको: मग जीभ बांधून ठेवा.

शिंपी: कापड उसवलं तर परत शिवता येतं. दाताचं तसं नाही, एवढं कळतं मला. काढायला सांगतील म्हणून गेलो नाही.

बायको: आणि साखरेच्या डॉक्टर तीन महिने मला विचारताहेत, घरात नक्की काय शिजतं म्हणून. बिनसाखरेचा चहा तुमच्याबरोबर मीही पितेय. तरी तुमचं औषध वाढलं. तुम्ही शेजारी बसून नुसती मान हलवत होतात.

शिंपी: हो.

बायको: एका शब्दाने बोलला नाहीत.

शिंपी: तेव्हा तोंडात गोळी होती.

बायको: ...उद्या दहाला दंतवैद्यांकडे नाव लावते. मधुमेह आहे हे आधी सांगायचं. उपाशी जायचं नाही, खाऊन, औषध घेऊन जायचं.

शिंपी: तिथून साखरेच्या डॉक्टरांकडेही जाऊ.

बायको: जाऊ. पण त्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी बाहेर बसेन.

शिंपी: बाहेर नको बसू. तुझ्यासमोरच सांगायचंय.