कढईत भाजलेली माती

माती तपासणीच्या प्रयोगशाळेबाहेर एक ट्रकवाला बाकावर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. शेजारी एक म्हातारी, पायाशी शेतातल्या मातीची पिशवी. तिची सून आतून आली, तसा त्याचा हात मंदावला.

“काय म्हणाल्या मॅडम?”

“आई, कुंडीतली माती कढईत भाजायची कशाला?”

“किडे नकोत म्हणून. ह्यांच्या हातचं शेवटचं मूठभर बियाणं, जपायला नको?”

“म्हणूनच गहू वीतभरावर अडलाय. मातीत जिवाणू असतात. मुळांना बिलगून राहतात, हवेतला नत्र पकडून त्यांना खत म्हणून भरवतात. तुम्ही तेच भाजलेत.”

“दिसले असते, तर भाजले असते का गं?”

“ह्या पिशवीतली चमचाभर माती कुंडीत घाला म्हणाल्या. ते पुन्हा वाढतील, गहूही सावरेल.”

“चमचाभरात असतात तरी किती?”

“कोट्यवधी.”

“एका चमच्यात?”

“हो.”

“म्हणजे चाळीस वर्षं हे शेतात एकटे राबत नव्हते.”

ट्रकवाला बूट खरवडायचा थांबला.

“आई, पिशवी कशाला उचलताय? जड आहे, राहू दे खाली.”

“असू दे मांडीवर.”