मऊ की कडक

ड्वेन : मोडलीय डावीच, पण दोन्ही बदलाव्या लागतील, लोर्ना. एकीकडे नवी स्प्रिंग आणि एकीकडे जुनी घातली तर गाडी लंगडत चालेल.

लोर्ना : मग बदल ना. अर्विड तुझ्या गॅरेजच्या संडासातून बाहेर यायच्या आत ठरवून टाकू.

ड्वेन : कुठल्या घालू ते तर सांग. या जुन्या पिकअपला पुढच्या स्प्रिंगा दोन तऱ्हेच्या मिळतात. आत्ता आहेत त्या कडक. बर्फ लोटायचं पातं पुढे लावलं की त्याचं वजन पेलायला कडकच लागतात.

लोर्ना : आणि पातं नसलं की?

ड्वेन : मग ती नाक वर करून चालते. प्रत्येक खड्डा थेट पाठीत.

लोर्ना : मऊ घाल.

ड्वेन : अगं, मऊवर पातं लावलं तर पुढून बसेल ना गाडी! हिवाळ्याच्या तोंडावर हरणांची शिकार सुरू झाली की बर्फ आलाच म्हणून समज. तुमच्या गल्लीतली सगळी दारं अर्विडच तर मोकळी करतो.

लोर्ना : परवा हॉस्पिटलला जाताना रेल्वेच्या रुळांवर किंचाळला रे तो. आपला अर्विड! कॅन्सर हाडांत उतरलाय. माझ्या बुटक्या गाडीत त्याला वाकून शिरताही येत नाही. हीच न्यावी लागते, दर आठवड्याला.

ड्वेन : बरं, आत्ता मऊ घालू. बर्फ पडला की पुन्हा कडक.

लोर्ना : पुन्हा बदलाव्या लागणार नाहीत.

ड्वेन : म्हणजे? डॉक्टर काही बोलले?

लोर्ना : त्यानंच डॉक्टरांना बजावलं होतं, मला काही ऐकवू नका, काय ते हिला सांगा. त्यांनी सांगितलं मला. तू त्याचा मावसभाऊ असशील, पण तोंड उघडू नकोस.

(अर्विड काठी टेकत आत येतो.)

अर्विड : काय कुजबुज चाललीय? ड्वेन, कडकच घाल हं. आणि यंदा पात्याची खालची पट्टीही बदलू. पार झिजलीय.

ड्वेन : हो... म्हणजे, लोर्ना म्हणत होती...

अर्विड : काय म्हणत होती?

लोर्ना : मऊ बऱ्या पडतील. तुझ्या पाठीला.

अर्विड : पाठीचं माझं मी बघतो. मऊवर पातं कसं लावणार? ...काय झालं? दोघांची दातखिळी बसली? ड्वेन, तू तर झोपेतसुद्धा बडबडतोस.

ड्वेन : मला नको विचारू, बाबा.

अर्विड : बरं. लोर्ना, मी तुला कधी काही विचारलं नाही. आताही तारीख विचारत नाहीये. यंदा पातं लावायचंय की नाही, एवढंच सांग.

लोर्ना : नाही.

अर्विड : बर्फाच्या आधीच?

लोर्ना : हो, अर्विड.

अर्विड : मऊ घाल रे, ड्वेन. ...आणि तू इकडे ये. इतके दिवस हे एकटीच उरावर घेऊन हिंडत होतीस होय गं?