इंजिन बदलेपर्यंत

इंजिन डब्यांपासून सुटतं ना, त्याचा एक आवाज असतो. आधी हवा सुटल्याचा लांब सुस्कारा, मग लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर, आणि मग एक खण्ण, तो फरशीतून थेट पोटरीत चढायचा. काय सांगू तुम्हाला, तो आवाज ऐकला की माझ्या जिवाला केवढं बरं वाटायचं. म्हणजे मुंबईहून गाडी घेऊन आलेलं विजेचं इंजिन निघालं, आता डिझेलचं यायचं, तोवर वीस मिनिटं ताई माझी. दुसरं इंजिन येऊन लागलं की सगळ्या गाडीतून एक हिसका जायचा, पहिल्या डब्यापासून शेवटपर्यंत खडखड खडखड, आणि तो हिसका म्हणजे हात पुसा, निरोप घ्या. त्या दोन आवाजांच्या मध्ये आम्हा बहिणींचं माहेर होतं.

आम्ही दोघीच. भाऊ नाही. दौंडच्या अलीकडचं आमचं गाव, घरामागून रूळ गेलेले. शिट्टी ऐकली की ताई माझा हात धरून बांधावरून पळत सुटायची आणि आम्ही प्रत्येक खिडकीला हात करायचो, कुणी उलटा केला तर तो दिवसभर पुरायचा. पुढे तिला गुलबर्ग्याला दिली आणि मला पुण्यात. माझे यजमान छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचे, ते अकाली गेले, मग मी लोकांच्या घरी पोळ्या लाटायला लागले, आधी चार घरं, मग आठ. आता वारज्याला मुलाकडे असते. पोळ्या करणाऱ्या बाईला सुट्टी नसते बरं का. माणसं दिवाळीत कचेरीत जात नाहीत, पण जेवायचं कुणी थांबवत नाही.

तेव्हाची रीत अशी, की पुण्यावरून आपलं माणूस जाणार असेल तर डबा घेऊन स्टेशनावर जायचं. नाही गेलं तर वर्षभर बोल लागायचा, पुण्यावरून गेलो हो, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ताईचा मुलगा मुंबईला नोकरीला, ती वर्षातून दोनतीनदा त्याच्याकडे जायची आणि परतताना चारच्या सुमाराला तिची गाडी पुण्यात यायची. तो माझ्या शेजाऱ्यांकडे फोन करून डब्याचा नंबर कळवायचा, मी तो विसरायला नको म्हणून तोंडाने पुटपुटत स्टेशन गाठायची. मऊ पोळ्या, तुपाचं बोट फिरवलेल्या, परतलेली मेथी, दाण्याची चटणी, दहीभात. गाडी थांबली की ब्रेकच्या जळक्या वासात माझ्या मेथीचा वास मिसळायचा, आणि खिडकीच्या गजांतून ताईचा हात बाहेर यायचा, आधी डब्याकडे नाही, माझ्या गालाकडे. मंदे, एवढं कोण खाणार गं, ती म्हणायची. मी म्हणायची, डब्यात माणसं आहेत की. मग ती पोळी उजेडाला धरायची आणि शेजारणीला सांगायची, बघा, पुणेकरीण झाली माझी बहीण, हिच्या पोळीतून पलीकडचा प्लॅटफॉर्म दिसतो.

आई शेवटची तीन वर्षं ताईकडे होती. ताई दर खेपेला म्हणायची, आई तुझी वाट बघती, दोन दिवस येऊन जा. मी म्हणायची, येते, पुढच्या महिन्यात नक्की. खोटं नव्हतं हो ते. पण पुढच्या महिन्यात एका घरी बारसं निघायचं, दुसऱ्या घरी परदेशातली लेक यायची, आणि त्या बाया म्हणायच्या, मंदाताई, तुम्हीच नसलात तर आम्ही काय ब्रेड खायचा का. मलाही त्याचा मान वाटायचा, खरं सांगते. माझ्यावाचून अडतं आहे, यासारखं गोड काही नसतं. अशी तीन वर्षं गेली आणि आई गेली. मी एसटीने पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताईने मला जवळ घेतलं, एका शब्दानं बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही, की आईनं माझं नाव काढलं का, ती माझ्यावर रागावून गेली का.

ते विचारायला पुढे मला कितीतरी वीस मिनिटं मिळाली. प्रत्येक वेळी मी ठरवून जायची, आज विचारायचं, आणि प्रत्येक वेळी तोंडातून निघायचं, चटणी तिखट झाली का गं. इंजिन लागायचं, हिसका बसायचा, मी म्हणायची, पुढच्या खेपेला.

मग दौंडकडे विजेच्या तारा गेल्या आणि पुण्यात इंजिन बदलायचं काम उरलं नाही. लोक म्हणाले, वेळ वाचला. वाचला असेल, कुणाचा ते मला ठाऊक नाही. गाडी पाच मिनिटं थांबायला लागली. त्यातच ताईचं दुखणं निघालं, उपचारासाठी मुंबईच्या खेपा सुरू झाल्या, आणि मुलानं मायेनं तिला एसीचं तिकीट काढून द्यायला सुरुवात केली. एसीची काच उघडत नाही. ताई दाराशी यायची, उभ्या उभ्या भरला डबा घ्यायची, रिकामा द्यायची, तेवढ्यात शिट्टी. पाच मिनिटांत दुखण्याची चौकशी करायची, की आईची?

त्या दिवशी ती दाराशी आली नाही. काचेतून दिसली, उशीला टेकलेली, तोंडाशी पदर. मी चढले आत. म्हटलं, एक घास भरवते आणि उतरते. आत कसा गारठा, बाहेरचं काही ऐकू येत नाही. मी डबा उघडला, दहीभात कालवला, दोन घास दिले, आणि माझा कान, बघा कसा असतो, इतक्या वर्षांची सवय, माझा कान त्या खण्णची वाट बघत होता. तो वाजला नाही, हिसका बसला नाही, म्हणून मी निवांत. तिसरा घास देताना मान वर केली तर काचेबाहेर स्टेशन संपलेलं.

मी घाबरून उठले तर ताई हसायला लागली, किती महिन्यांनी हसली असेल. बस आता, दौंडपर्यंत कुठं जातीस, म्हणाली. तिकीट तपासणारे आले, माझं प्लॅटफॉर्म तिकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, आजी, एवढ्या तिकिटावर इतका लांबचा प्रवास आम्हीसुद्धा केलेला नाही. मग ताईकडे बघून आवाज खाली आणला त्यांनी. दौंडची पावती करतो, गुलबर्ग्यापर्यंत जायचं असलं तर तसं सांगा, शेजारची जागा रिकामी आहे.

ते गेले आणि मी विचारलं. अकरा वर्षं गिळलेला प्रश्न, हात दहीभातानं माखलेले असताना विचारला. ताई म्हणाली, रागावली? छे गं. मुंबईची गाडी यायच्या वेळेला दाराला कडी लावू द्यायची नाही. म्हणायची, मंदा यायची हाय, तिला दार वाजवायला लावू नका. गाडी पुढं गेल्याची शिट्टी ऐकू आली, की मग म्हणायची, लावा आता. मी म्हटलं, असं कितीदा? ताईनं काचेवर बोट टेकवलं. आमचं गाव चाललं होतं बाहेरून. बांधावर कुणी नव्हतं.

मी दौंडला उतरले. दुसऱ्या दिवशी एका घरी वीस माणसांच्या पोळ्या होत्या, शब्द दिला होता. सकाळी वेळेवर गेले, तर त्या बाई म्हणाल्या, अहो मंदाताई, कळवायचं राहूनच गेलं, आम्ही सगळे बाहेर जेवणार आहोत. मी बरं म्हटलं आणि परात धुऊन पालथी घातली.

ताई त्यानंतर दीड महिन्यानं गेली. आता गुडघे धरतात, पोळ्या बंद झाल्या, आणि गंमत सांगू, कुणाचं काही अडलं नाही. चार वाजले की हात मात्र आपोआप कणकेच्या डब्याकडे जातो. तुमची कुणी असेल लांब, तर जा बाई, देव तुम्हाला वेळेवर निघायची बुद्धी देवो.

मला अडवलं कुणी नव्हतं, हे मनातून जात नाही. दौंडला गाडी चांगली थांबली होती. जागा होती, पावती करणारा माणूस दाराशी उभा होता. मी मागच्या खेपेचा रिकामा डबा काखेत धरून उठले, तर ताई काठाशी सरकली, माझ्यापुरती जागा केली, आणि बांधावरून पळायच्या आधी धरायची तसा माझा खरकटा हात धरून, काही आग्रह न करता, अगदी हळू म्हणाली, चल.